खोली सोडायला सांगितली आहे? कोकणात परवडणारं घर शोधताना आधी काय, मग काय

घर सोडायची तारीख कळली की बहुतेक जोडपी त्याच संध्याकाळी खोल्या बघायला निघतात. पहिली बरी खोली दिसली की टोकन देऊन टाकतात. मग कळतं की ती मेमध्ये खाली करायची आहे, विहीर एप्रिललाच तळ गाठते किंवा खोली ज्याने दाखवली त्याचं घरपट्टीवर नावच नाही. तोवर डिपॉझिटचे पैसे अडकलेले, जुनं घर गेलेलं आणि सामान कुणाच्या तरी पडवीत.

दोघंही कमावती असून अशी वेळ येते. एकाचा पगार लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, दुसरीचा दवाखान्यात किंवा हॉटेलात. महिना निघतो, पण एकदम तीस-चाळीस हजार उभे राहत नाहीत. म्हणून खालचा क्रम मोडू नका. खोल्या बघणं त्यात बरंच नंतर येतं.

## १. आधी तारीख आणि डिपॉझिट पक्कं करा

करार असेल तर तो काढून नीट वाचा. मुदत कधी संपते आणि मुदतीआधी सोडायला सांगायचं तर किती दिवसांची नोटीस लागते, हे दोन मुद्दे बघा. मालक तोंडी 'पंधरा दिवसांत खाली करा' म्हणतो, आणि करारात एक महिना लिहिलेला असतो, असं सर्रास दिसतं.

करारच नसेल तरी हातपाय गाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी राहायच्या परवानगीचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसताना राहणारा ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात; त्या खोट्या असतील तर ते मालकाने सिद्ध करायचं. हे कलम मालकाच्या अंगावर फेकू नका. महिनाभराची मुदत मागताना ते तुमच्या पाठीशी आहे, एवढं पुरे.

भाडं दिल्याचे पुरावे आजच गोळा करा: यूपीआयच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट, मालकाचे मेसेज. रोख देत असाल तर या महिन्यापासून पावती मागा.

सामान बाहेर काढणं, कुलूप बदलणं, वीज-पाणी तोडणं हे मालकाने स्वतःच्या जोरावर करायचं नसतं. तसं झालं तर ११२ वर फोन करा आणि तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. त्यांची हेल्पलाइन १५१०० आहे. अर्ज पत्नीच्या नावाने करा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, पुरुषाला मात्र, काही गट सोडले तर, उत्पन्नाची मर्यादा लागते. हा साधा फरक माहीत नसल्याने कितीतरी नवरे रांगेत उभे राहून परत येतात.

सावधान: नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर 'बघू काय करतो ते' म्हणून बसून राहू नका. त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल करता येते.

पुढे जाण्याआधी तपासा: सोडायची तारीख लेखी आहे का? व्हॉट्सॲपवर असली तरी चालेल. आणि डिपॉझिट चावी देतानाच परत मिळेल, हे मालकाने कबूल केलं आहे का? 'नंतर गुगलपे करतो' यावर विसंबलात तर नव्या घराचं डिपॉझिट कुठून भरणार?

## २. कागदांची एक पिशवी

दोघांची आधार आणि पॅन कार्डं, रेशनकार्ड, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराची स्लिप किंवा नोकरी देणाऱ्याचं पत्र, विवाह नोंदणीचा दाखला, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले. पगार रोखीने मिळत असेल तर नोकरी देणाऱ्याच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि फोटो दोघांच्याही फोनमध्ये.

विवाह नोंदणी राहिली असेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत आता करून घ्या. आधारवर तिचं माहेरचं नाव, त्याचा पत्ता गावचा, असं असलं की मालक चार प्रश्न जास्त विचारतो. जात-धर्मही विचारतो, कोकण त्याला अपवाद नाही. अशा घरावर वेळ घालवू नका, पुढचं बघा.

आणखी एक कागद कुणी मागत नाही, पण फार उपयोगी पडतो: सध्याच्या मालकाचं 'भाडं वेळेवर देत होते, तक्रार नाही' असं पत्र. निघताना भांडण झालं तर ते मिळत नाही, म्हणून भांडणाआधी मागा.

## ३. परवडतं म्हणजे किती, हे कागदावर मांडा

दोघांच्या पगाराची बेरीज करून तिसरा हिस्सा भाड्याला, हा हिशेब कोकणात फसतो. इथलं उत्पन्न हंगामी असतं. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे मासळीच्या कारखान्यात काम कमी. हॉटेलवाल्यांचा धंदा पावसात बसतो. आंब्याच्या पॅकिंगचे पैसे मेमध्ये येतात आणि मेमध्येच संपतात. म्हणून वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्याचं उत्पन्न धरा. ओव्हरटाइम आणि टिप धरूच नका.

भाड्यात प्रवासखर्च मिळवून आकडा बघा. समजा शहरात चालत जाण्याच्या अंतरावरची खोली ६,००० ला आहे आणि दहा किलोमीटरवरच्या वाडीतलं घर ३,००० ला. वाडी स्वस्त वाटते. पण तिची कामाची पाळी रात्री नऊला सुटते आणि वस्तीची गाडी आठला गेली, तर रोजची रिक्षा ती बचत गिळून टाकते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ते हिशेबात जरूर घ्या. पण बसच नसेल तर सवलतीचा काय उपयोग? गाडीचं वेळापत्रक डेपोत विचारा, मालकाला नको. कारखान्याची बस कुठून जाते तेही बघा. त्या रस्त्यालगतच्या वाड्यांत तुमचा शोध सुरू व्हायला हवा.

माझ्या मते भाडं आणि प्रवास मिळून त्या वाईट महिन्याच्या उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाऊ नये. सुरुवातीची रक्कम वेगळी मांडा: डिपॉझिट, पहिला महिना, नोंदणी, टेम्पो आणि एजंट असेल तर त्याची दलाली. ही रक्कम जमत नसेल तर डिपॉझिट दोन हप्त्यांत मागा. जुन्या मालकाचं पत्र इथे कामाला येतं.

## ४. तात्पुरता आसरा आधी ठरवा

घर मिळेपर्यंत कुठे टेकायचं हे ठरलं नसेल तर घाईत पहिलं मिळेल ते घेतलं जातं. म्हणून खोल्या बघण्याआधी हे.

नातेवाइकांकडे जायचं असेल तर तारीख सांगून जा. 'मामी, अमुक तारखेपर्यंत राहतो, गॅस आणि बाजार आमचा,' हे आधी बोललं की पुढची कुरबुर टळते. सामान मात्र तिथे नेऊ नका. दोन पिशव्या न्या, बाकीचं ओळखीच्या कुणाच्या कोरड्या खोलीत ठेवा.

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या लॉज आणि होमस्टेच्या खोल्या रिकाम्या असतात. महिन्याच्या बोलीवर मागितल्या तर मिळतात, मात्र त्या कधी सोडायच्या हे पक्कं विचारून घ्या. नोकरीच्या ठिकाणची खोली किंवा बागायतदाराचा मांगर (बागेतलं साधं घर) मिळाला तरी हरकत नाही, पण नोकरी गेली की त्याच दिवशी छप्परही जातं. दोघंही एकाच मालकाकडे कामाला असाल तर हा धोका दुप्पट.

शहरी बेघरांसाठीची निवारा केंद्रं एक लाख लोकसंख्येमागे एक, या हिशेबाने धरली जातात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहरच लाखाच्या आत होतं, रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बाकीची गावं त्याहून लहान. त्यामुळे तुमच्या शहरात केंद्र असेलच असं धरून बसू नका. नगरपरिषदेत आधी चौकशी करा आणि जोडप्याला एकत्र राहता येतं का तेही विचारा. घरातच मारहाणीचा प्रश्न असेल तर तिने १८१ वर फोन करावा. तो मार्ग वेगळा आहे आणि त्याला घरशोधाची वाट बघायची नसते.

मुलांची शाळा या काळात बदलू नका. बदलावीच लागली तर दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला पहिली ते आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायदा तसं सांगतो. रेशनही आधारवर कुठल्याही दुकानात मिळतं. कार्ड गावचं आहे म्हणून धान्य सोडू नका.

## ५. शोध: पाट्या कमी, कुलपं जास्त

कोकणात 'भाड्याने देणे आहे' अशा पाट्या थोड्या आणि कुलूपबंद घरं वाडीवाडीत. मालक मुंबई-पुण्याला, गणपतीला आणि मेमध्ये येणारे. परवडणारं घर मिळण्याची खरी जागा हीच आहे, आणि लोक नेमकं इथे विचारत नाहीत.

अशी घरं एजंटकडे नसतात. ती पोस्टमनला, किराणा दुकानदाराला, पिठाच्या गिरणीवाल्याला, अंगणवाडी सेविकेला आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाला माहीत असतात. त्यांना विचारून मालकाचा नंबर मिळवा. शेजाऱ्याकडून स्वतःची ओळख करून दिलीत तर आणखी बरं.

फोनवर मालकाची भीती आधी ओळखा. ती एकच असते: 'उद्या कूळ म्हणून लागलात तर?' जमिनी कुळांना गेल्याच्या आठवणी घराघरांत आहेत, त्यामुळे घर पडलं तरी चालेल पण भाड्याने नको, अशी मनःस्थिती असते. त्यावर विनवण्या करून उपयोग नाही. असं बोला:

'काका, घर बंद राहून वाळवी लागते, कौलं फुटली तर कळत नाही. आम्ही दोघं नोकरीला आहोत. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घेऊ, त्यात मालकी तुमचीच राहते आणि मुदत संपल्यावर घर परत मिळवायची तरतूद कायद्यातच आहे. नोंदणीचा खर्च आमचा. शेतजमिनीला आम्ही हात लावणार नाही, ते करारात लिहू. गणपतीत माजघर आणि देवाची खोली तुमची.'

शेवटचं वाक्य विसरू नका. घरचा गणपती मूळ घरातच बसतो, आणि 'गणपतीला कुठे जायचं?' या एका प्रश्नावर ठरत आलेली बोलणी मोडतात. रत्नागिरीकडे शिमग्याला पालखी घरी येते, तीही आठवण ठेवा.

नेहमीची चूक, सामाईक घर: घर आजोबांच्या नावावर, वारस सात, फोनवर 'हो' म्हणणारा एक. बाकीच्यांपैकी कुणीतरी मेमध्ये येऊन 'तुम्ही कोण?' विचारतो. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा म्हणजे घरपत्रकाचा उतारा काढा आणि त्यावरची नावं बघा. करार करणाऱ्याकडे बाकीच्यांचं कुलमुखत्यारपत्र किंवा निदान लेखी संमती हवी. सगळे हिस्सेदार सह्या देणार नसतील तर ते घर कितीही छान असो, सोडा.

नेहमीची चूक, फुकटचं घर: 'भाडं नको, नुसती राखण करा' असं म्हणणारा मालक देवमाणूस वाटतो. पण भाडं नाही, कागद नाही, म्हणजे उद्या जा म्हटलं की दाखवायला हातात काही नाही. महिना ५०० का होईना, भाडं ठरवा, करार करा.

नेहमीची चूक, हंगाम: मालवण, गुहागर, दापोली, अलिबाग या पट्ट्यात जूनमध्ये खोली एकदम स्वस्त मिळते आणि दिवाळी आली की मालकाला पर्यटकांसाठी ती परत हवी असते. जूनमधलं भाडं ऐकून खूश होण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'दिवाळीत आणि मेमध्ये आम्ही इथेच ना?' उत्तर गुळमुळीत आलं तर ती खोली टप्पा ४ मध्ये टाका.

पैशांबाबत: फोटो बघून, घर न बघता, एक रुपयाही पाठवू नका. 'मी फौजेत आहे, क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील' हा प्रकार फसवणुकीचाच. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

## ६. घर बघायला दोघांनी जा

एकाने बघायचं आणि दुसऱ्याने राहायला गेल्यावर रडायचं, हे टाळा. एकदा दिवसा आणि एकदा तुमची पाळी सुटते त्या वेळी जा.

पाण्याचं विचारताना 'पाणी आहे का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'मे महिन्यात पाणी कुठून भरता?' असं शेजारच्या बाईला विचारा. नळाला किती दिवसांनी येतं, विहीर सामाईक असेल तर भांडण आहे का, तेही तिलाच माहीत.

छपराखाली उभं राहून भिंतींवरचे ओघळ बघा. कौलारू घर असेल तर शाकारणी (कौलं काढून नीट लावणं) शेवटची कधी झाली आणि या वर्षी मिरगाआधी कोण करणार, हे ठरवा. तुम्ही करणार असाल तर तो खर्च भाड्यातून वजा. चिऱ्याच्या भिंतीला खालून ओल चढलेली असेल तर पावसात कपडे आणि कागद दोन्ही बुरशीने जातात.

पुराचं आणि दरडीचं जास्त कसून बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्याच दिवसांत महाडजवळच्या तळियेत दरड कोसळली. चिपळूण, खेड, राजापूर, महाड इथे तळमजल्याची खोली स्वस्त मिळत असेल तर पाणी कुठवर आलं होतं ते दुकानदाराला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. घरामागे कापलेला डोंगर असेल तर भेगा, वाकलेली झाडं आणि पावसात गढूळ होणारा झरा याबद्दल विचारा. शंका आली तर स्वस्ताई विसरा.

तपासा: स्वतंत्र वीजमीटर, त्यावरची थकबाकी, संडासाची टाकी, मोबाइलची रेंज. शेवटच्या गाडीच्या थांब्यापासून रात्री तिला एकटीला चालत येता येईल का?

## ७. करार: नोटरीवर भागवू नका

'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. लिव्ह अँड लायसन्स कितीही मुदतीचा असो, नोंदवावाच लागतो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च लोक समजतात तेवढा नाही. मुदतीचं एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. महिना ५,००० भाडं, अकरा महिने, २०,००० डिपॉझिट असेल तर ते २०० रुपयांपलीकडे जात नाही. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. शिवाय कागद हाताळणीचं शुल्क आणि ऑनलाइन करून देणाऱ्याची मजुरी. ऑनलाइन नोंदणीला आधार आणि अंगठा लागतो. त्यामुळे मुंबईतल्या मालकाला गावी यायची सक्ती नाही. त्याचा अंगठा तिथे, तुमचा इथे.

करारात दोघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर असेल आणि तो दुबईला किंवा बोटीवर गेला, तर मागे राहिलेलीला कुणी विचारत नाही. बाकी अटींत हे असू द्या:

- भाडं किती तारखेला, आणि ते खात्यातच जमा.
- डिपॉझिट चावी परत देताना, त्याच दिवशी.
- दोन्ही बाजूंनी नोटीस निदान एक महिन्याची.
- गणपती, शिमगा आणि मेमध्ये मालक कुठल्या खोल्या, किती दिवस वापरणार.
- शाकारणी, विहिरीचा पंप आणि संडासाची दुरुस्ती कुणाची.
- आंबा, फणस, नारळ, सुपारी कुणाची. हसू नका, निम्मी भांडणं यावरूनच होतात.

क्रम असा: उतारा बघणे, मसुदा वाचणे, अंगठे, मग डिपॉझिट, मग चावी. मालक अडून बसला तर हजार-दोन हजार टोकन खात्यातून द्या आणि 'अमुक घराचं टोकन, करार न झाल्यास परत' असा मेसेज पाठवून त्यावर 'हो' घ्या.

## ८. राहायला गेल्यावर आणि पुढची सोय

सामान लावण्याआधी रिकाम्या घराचे फोटो आणि मीटरचं रीडिंग मालकाला पाठवा. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची राहिली असेल तर मालकाच्या मागे लागून ती द्या. नोंदणीकृत करारावर आधारचा पत्ता बदलता येतो, मतदार यादीसाठी नमुना ८ चा अर्ज भरा (घरपत्रकाचा नमुना ८ वेगळा, गोंधळू नका).

स्वतःच्या घराचे अर्ज आता, या भाड्याच्या घरात बसून करा. ते डोक्यावर छप्पर नसतानाच्या घाईचे मार्ग नाहीत, त्यांना वेळ लागतो. म्हाडाचं कोकण मंडळ ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग बघतं. सोडतीतली बहुतेक घरं ठाणे-विरारकडची असतात, ओरोससारख्या ठिकाणची अधूनमधून येतात. म्हणून जाहिरात नीट वाचा. मुंबई महानगर प्रदेशाबाहेर वार्षिक ४.५ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ७.५ लाखांपर्यंत अल्प गट. पती-पत्नीचं उत्पन्न एकत्र धरतात. एकाचंच दाखवून भरलेला अर्ज पुढे बाद होतो. अधिवास दाखला आधीच काढून ठेवा. म्हाडाला एजंट नाहीत, त्यामुळे 'आतून करून देतो' म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

शहरात असाल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना स्वतःच्या जागेवर बांधायला २.५ लाखांपर्यंत मदत आहे. अट अशी की देशात कुठेही तुमच्या दोघांपैकी कुणाच्या नावावर पक्कं घर नको. गावी ग्रामीण योजनेत सपाट भागात १.२० लाख आणि डोंगरी-दुर्गम भागात १.३० लाख. त्यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) यादीत नाव आहे का ते बघा, आणि जागा सामाईक असेल तर हिस्सेदारांची संमती आताच गोळा करायला लागा, कारण घरकुल मंजूर होऊनही बांधकाम अडतं ते बहुतेक तिथेच. पात्र असूनही जागाच नसणाऱ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून जागेसाठी १ लाखापर्यंत मिळू शकतात. चौकशी पंचायत समितीत करा.

भाड्याचा करार संपायच्या दोन महिने आधी मालकाला मुदतवाढीचं विचारा. मुदत मेमध्ये किंवा गणपतीच्या तोंडावर संपत असेल तर पुढचा करार ऑक्टोबरपर्यंत ओढून घ्या. त्यानंतर घर शोधायची वेळ आलीच तर पाऊस सरलेला असतो आणि गणपतीला आलेले मालकही मुंबईला परत गेलेले असतात.